हिवाळेबाईंचा राहिलेला बॉल

हिवाळेबाई खुर्चीत टेकून बसलेल्या दिसल्या, त्या दुपारी मी खरंच घाबरले. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात त्यांच्यासोबत इतकी वर्षं काढली, पण त्यांची खुर्ची ही पर्स ठेवायची जागा आहे एवढंच मला माहीत होतं. बाई उभ्याने फायली वाचायच्या, उभ्याने डबा खायच्या, फोनवर बोलताना खिडकी ते कपाट येरझाऱ्या घालायच्या. सही करायला तेवढ्या वाकायच्या. कुणी म्हटलं, "मॅडम, बसा ना जरा," तर म्हणायच्या, "बसलं की डोकं चालतं. उभं राहिलं की काम चालतं." आमच्या ऑफिसात डोकं चालवून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नव्हतं, त्यामुळे मला ते पटायचं.

मी लेखा विभागात, त्या खरेदी विभागात. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. त्यापलीकडून दिवसभर बुटांची चुळबुळ ऐकू यायची. बाई कडक सुती साडी नेसायच्या आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, बारा महिने. नवीन आलेला प्रत्येक साहेब आधी साडीकडे बघायचा, मग बुटांकडे, मग पुन्हा साडीकडे. बाई त्याला आपणहून सांगून टाकायच्या, "साडी आईच्या आवडीची, बूट माझ्या."

त्या राहायच्या घाटकोपरला, पंतनगरात. वडील बुलढाण्याकडून आले, गोदीत लागले. वस्तीतल्या मंडळाच्या कॅरम बोर्डावर बाई लहानपणी खेळायला लागल्या तेव्हा बोर्डाची कड त्यांच्या गळ्याशी यायची. बसलं तर सोंगटी दिसायची नाही, म्हणून उभ्याने खेळायच्या. पुढे उंची वाढली, सवय तशीच राहिली. ऑफिसच्या कॅरम स्पर्धेत बाकी सगळे खुर्च्या ओढून चौफेर बसलेले आणि बाई एका बाजूला उभ्या, एक बूट दुसऱ्या बुटावर घासत. समोरच्याने स्ट्रायकर सोडून हात मागे घ्यायच्या आत यांचा स्ट्रायकर सुटलेला असायचा. वर तोंड चालूच. "आधी हात, मग अक्कल," म्हणायच्या.

असं माणूस स्नूकरकडे जायचं काही कारण नव्हतं. पण आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, मनोरंजन कक्ष नावाच्या खोलीत, कुण्या जुन्या साहेबाच्या हौसेचं एक भलंमोठं स्नूकरचं टेबल होतं. खेळ असा की लांब काठीने, म्हणजे क्यूने, पांढऱ्या बॉलला मारायचं आणि त्या पांढऱ्याने रंगीत बॉल भोकात पाडायचे. सगळ्यात शेवटी काळा उरतो. हे ज्ञान मला प्रशासनातल्या सुर्वेंनी दिलं. सुर्वे संघाचे कप्तान. टेबलावर त्यांचा इतका जीव की दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला त्यांना खपायचा नाही. एकदा कॅरम बोर्ड दुरुस्तीला गेला आणि जेवणाच्या सुट्टीत बाई वर जाऊन थेट क्यू उचलून उभ्या राहिल्या. सुर्वे धावत आले.

"मॅडम, कापड फाटेल. इम्पोर्टेड आहे."

"फाटलं तर शिवून देते," बाई म्हणाल्या, आणि मारला. कापड फाटलं नाही. बॉल पडला.

वर्षभरात त्या संघात होत्या. त्यांचं खेळणं बघायला मला आवडायचं, आणि मला खेळ आवडत नाहीत. टेबलाभोवती त्या रस्ता ओलांडल्यासारख्या चालायच्या, चालता चालता वाकायच्या, मारायच्या, आणि बॉल भोकापर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या बाजूला गेलेल्या असायच्या. सुर्वेंना ते बघवायचं नाही. "हे काय स्नूकर आहे? भाजी चिरतायत," ते म्हणायचे. पण बाई जिंकायच्या, म्हणून गप्प बसायचे.

मग आंतर-कार्यालयीन चषकासाठी साहेबांनी कोच मंजूर केला. मालाडहून येणारे पिंटो सर. माणूस सज्जन, शांत, प्रत्येक वाक्य इस्त्री करून बोलणारा. त्यांनी बाईंचा खेळ पाहिला आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हात देवाने दिलाय. पण तुम्ही थांबतच नाही. क्यू मागे घेतल्यावर एक पॉज पाहिजे. तिथे सगळं शांत होतं. मग सोडायचा."

बाईंनी ते मनावर घेतलं. इंग्रजी, कॉम्प्युटर, पोहणं, सगळंच त्या मोठ्या वयात शिकल्या होत्या, त्यामुळे शिकवणाऱ्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही असा त्यांचा खाक्या. पिंटोंनी सांगितलेला व्यायाम त्या ऑफिसच्या टेबलावर करायला लागल्या. सरबताची रिकामी काचेची बाटली आडवी ठेवायची, आणि तिच्या तोंडातून क्यू आतबाहेर करायचा, काचेला न लावता. मागे घेतला की थांबायचं. मी पार्टिशनवरून बघायचे. बुटांची चुळबुळ तेवढ्यापुरती बंद व्हायची. एवढी शांतता मला सहन व्हायची नाही, मी मुद्दाम स्टेपलर आपटायचे.

फरक पडला, हे नाकारता येणार नाही. बाई सुबक खेळायला लागल्या. सुर्वे खूश झाले.

त्या वर्षीची उपांत्य फेरी आमच्याच टेबलावर होती, विक्रोळीच्या एका कंपनीच्या संघाविरुद्ध. आम्ही सगळे वर गेलो होतो. खाली साहेब नव्हते आणि वर बटाटेवडे होते, हे खरं कारण. सामना बरोबरीत आला. शेवटचा खेळ बाईंचा, आणि टेबलावर फक्त काळा आणि पांढरा. काळा पाडेल तो जिंकणार. काळा खिडकीकडच्या कोपऱ्यातल्या भोकाच्या तोंडाशी येऊन उभा होता. तो मीसुद्धा पाडला असता, असं मला वाटलं.

बाई वाकल्या. क्यू पुढेमागे हलला, मग मागे गेला आणि थांबला. हा तो पॉज. आम्हीही श्वास धरून थांबलो. आणि तो पॉज संपेना. बाईंचा हात कोपरात अडकला होता. कुणीतरी मागून क्यू धरून ठेवावा तसा. मानेवर घाम आला होता, आणि क्यू काही केल्या पुढे जात नव्हता. मग एक हिसका बसला आणि बाई सरळ उभ्या राहिल्या. पांढरा जागच्या जागी होता.

"लागला," बाई म्हणाल्या.

पंचाने विचारलं, "काय लागला?"

"क्यूचं टोक. पांढऱ्याला लागलं. फाऊल."

पंचाने ते पाहिलं नव्हतं. समोरच्या खेळाडूने पाहिलं नव्हतं. खोलीभर माणसं, पण एकानेही पाहिलं नव्हतं. स्नूकरमध्ये मात्र आपला फाऊल आपणच सांगायचा, ही रीत आहे. आणि शेवटच्या काळ्यावर फाऊल झाला की खेळ तिथेच संपतो. सुर्वेंच्या हातातला वडा हातातच राहिला.

जिना उतरताना त्यांना राहवलं नाही. "मॅडम, नसतं सांगितलं तर चाललं असतं ना."

"फाऊलचं सोडा हो सुर्वे," बाई म्हणाल्या. "हात का थांबला ते सांगा."

दुसऱ्या दिवशी वर जाऊन बाईंनी पुन्हा मारून पाहिलं. दोन बॉल नीट गेले, तिसऱ्याला क्यू अडला. मग रोज अडायला लागला. पिंटो म्हणाले, "मॅडम, याला यिप्स म्हणतात. मोठमोठ्या खेळाडूंना होतं."

"नाव कळलं. आता जायला काय घेईल ते सांगा."

बाईंनी मग त्याचं नाव पाहुणा ठेवलं. "आज पाहुणा सकाळपासूनच येऊन बसलाय," त्या कोपर चोळत सांगायच्या. हसायच्याही. पण त्याच आठवड्यातली ती दुपार. मी बिलांवर सही घ्यायला पलीकडे गेले तर बाई खुर्चीत टेकून बसलेल्या, पर्स मांडीवर, बूट जमिनीवर शेजारी शेजारी, हलत नव्हते. डबा न उघडता समोर ठेवलेला. घरात कुणी गेलंबिलं असावं असंच मला वाटलं. "काही नाही गं," त्या म्हणाल्या, "विचार करतेय."

त्यानंतर उपाय सुचवणाऱ्यांची रांग लागली. आपल्याकडे दुसऱ्याच्या दुखण्यावर औषध नसलेला माणूस अजून जन्मायचाय. कुणी क्यू बदला म्हणालं, कुणी चष्मा. बाईंनी डाव्या हाताने खेळून पाहिलं, बॉल कुठेही जायला लागले. हाडांच्या डॉक्टरने कोपराचा फोटो काढला आणि हाडाचं कौतुक करून परत पाठवलं. सुर्वे मला बाजूला घेऊन म्हणाले, "दृष्ट लागलीय. माझी आई उतरवते. मॅडमना विचार ना." मी विचारलं, कारण मला त्यांचं उत्तर ऐकायचं होतं.

"माझ्या बापाने घरातून देव्हारा काढला," बाई म्हणाल्या. "आणि मी आता एका बॉलसाठी लिंबू-मिरची बांधू? सुर्वेंना म्हणावं, आईंच्या हातचे घावणे पाठवा. ते चालतील."

टायपिंगच्या एका मुलीने ध्यान करायला सांगितलं. "दर रविवारी विहारात बसते ना," बाई म्हणाल्या. "तिथेही पाय हलतो माझा. बुद्धाला चालतं, कोचला चालत नाही."

मला या सगळ्याचा राग यायला लागला होता. बाईंच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष राहिलेलं, आणि त्या एका लाकडाच्या काठीपायी सुकत चालल्या होत्या. एकदा मी म्हणालेच, "मॅडम, सोडून द्या ना यार. खेळच तर आहे."

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. बाहेर मरोळच्या बाजूला रिक्षा एकमेकींत अडकून पडल्या होत्या. "माधवी, हरायची मला लाज नाही," त्या म्हणाल्या. "कॅरममध्ये किती वेळा हरलेय. पण बॉल मारून हरायचं गं. मी न मारता हरले. जायच्या आधी एकदा, सगळे बघत असताना, तो बॉल मारायचाय मला. पडो नाहीतर न पडो."

कॅन्टीनमध्ये नंतर कॅरमच्या वेळी जे झालं त्याला मी साक्षीदार आहे, कारण मी त्यांची जोडीदार होते आणि आम्ही माझ्यामुळे हरत होतो. क्वीनला कव्हर मिळालं की नाही यावर समोरच्या ऑपरेटरबाईंशी हिवाळेबाईंचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. भांडता भांडताच त्यांनी स्ट्रायकर लावला आणि सोडला. लांबची सोंगटी कडेला लागून अलगद आत गेली. बाई पुढचं वाक्य बोलायला गेल्या आणि गप्प झाल्या.

"मी थांबले का गं आत्ता?"

"कुठे?"

"मारताना."

"छे. बोलत होतात."

"आणि उभी होते," बाई स्वतःशीच म्हणाल्या. डाव तसाच टाकून त्या जिन्याकडे निघाल्या. मी हातातली पोळी तोंडात कोंबून मागोमाग. वर सुर्वे टेबलाला ब्रश मारत होते. बाई दारातून ज्या वेगाने आल्या त्याच वेगाने टेबलापर्यंत गेल्या, क्यू उचलला आणि वाकता वाकताच मारला. बॉल टेबलावरून उडाला आणि सुर्वेंच्या खुर्चीखाली गेला. सुर्वेंनी ब्रश छातीशी धरला.

"सुटला," बाई म्हणाल्या. "बघितलंस? सुटला ना?"

पुढच्या खेपेला पिंटो आले आणि खिन्न झाले. "मॅडम, पॉज कुठे गेला?"

"तुम्हाला परत केला, सर. रागावू नका. तुम्ही शिकवलं ते चांगलंच होतं, पण माझ्या मापाचं नव्हतं. दुसरीचा ब्लाउज घातल्यासारखं होत होतं, श्वास घेता येईना."

पिंटोंनी टेबलाच्या कडेवर बोटं वाजवली. मग म्हणाले, "ओके. तुमच्या पद्धतीने खेळा. एकच ऐका. हात अडकला तर तसाच मारायचा नाही. उठायचं. पुन्हा यायचं." माणूस खरंच सज्जन होता.

ऑफिसात पुढे अशी दंतकथा झाली की हिवाळेबाई एका दुपारीत बऱ्या झाल्या. तसं काही झालं नाही. पाहुणा येतच राहिला, फक्त आता बाई त्याला बसू देत नसत. क्यू अडला की उठायच्या, टेबलाभोवती एक अख्खी फेरी मारायच्या, क्यूच्या टोकाला खडू लावायच्या, परत येऊन चालत्या अंगानेच मारायच्या. कधी एका फेरीत सुटायचा, कधी तीन लागायच्या. त्या इतक्या भरभर फिरायच्या की वेळ काढता असंही कुणाला म्हणता येत नसे. पार्टिशनपलीकडची चुळबुळ परत सुरू झाली आणि मी स्टेपलर आपटणं बंद केलं.

चषकाची त्यांची शेवटची स्पर्धा आली. सुर्वे त्यांना घ्यायला कचरत होते, पण घेतलं, आणि शेवटचा खेळ त्यांनाच दिला. याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. बाई छान खेळल्या. दोनदा अडल्या, दोनदा फिरल्या, दोन्ही वेळा बॉल पाडले. आता शेवट त्या काळ्यावर येणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण समोरचा मुलगा उठला आणि उरलेले बॉल एकामागून एक पाडत गेला, काळासुद्धा. बाई क्यू धरून उभ्या होत्या, टाचा वरखाली करत. त्यांची पाळीच आली नाही.

हात मिळवला, त्याचं कौतुक केलं, चहा घेतला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तो एक राहिला गं."

"मॅडम, सरावात रोज पाडता की तुम्ही तो."

"कुणी बघत नसताना ना? मग तर मी झोपेतपण पाडीन."

निरोप समारंभाला त्यांच्यासाठी फुलांनी सजवलेली खुर्ची ठेवली होती. बाई तिच्या पाठीला हात लावून शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. सत्कारमूर्ती उभी म्हटल्यावर बोलणाऱ्यांना लांबण लावता येईना. साहेबांचं भाषण मी एवढ्या लवकर संपलेलं कधी ऐकलं नाही.

त्या गेल्यावर काही महिन्यांनी नवीन साहेबांनी मनोरंजन कक्षाचा वर्क लाउंज करायचं ठरवलं. टेबल चारकोपच्या एका स्नूकर पार्लरने घेतलं. टेबल सोडवायला माणसं आली तेव्हा सुर्वे माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडमना फोन कर." मी केला. "आलेच," बाई म्हणाल्या. "मेट्रोने येते. त्यांना थांबवून ठेव."

बाई क्यू घेऊन पोचल्या तोवर भोकांखालच्या जाळ्या काढून झाल्या होत्या, बॉल खोक्यात भरले होते आणि टेबलाच्या आतल्या दगडी लाद्या खाली न्यायच्या म्हणून खोलीचं दार वीट लावून उघडं ठेवलं होतं. मुकादम घड्याळ बघत होता. "ताई, टेम्पो खाली डबल पार्किंगला आहे. गाडी उचलतील."

"एकच बॉल, दादा," बाई म्हणाल्या. "मग न्या तुमचं टेबल."

सुर्वेंनी स्वतः खोक्यातून काळा आणि पांढरा काढून दिला. बाईंनी काळा खिडकीकडच्या कोपऱ्यात, भोकाच्या तोंडाशी ठेवला. पांढरा मागे. उपांत्य फेरीतली ती जागा त्यांना आठवावी लागली नाही, आणि आम्हालाही. हमाल पाने-स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन भिंतीला लागून उभे राहिले. सुर्वे पंचासारखे हात मागे बांधून उभे.

बाई वाकल्या. क्यू मागे गेला आणि अडला. बाई उठल्या, फिरल्या. हमालांनी पाय मागे घेऊन वाट दिली. पुन्हा वाकल्या, पुन्हा अडला. खालून टेम्पोचा हॉर्न वाजायला लागला. मुकादम काहीतरी बोलणार होता, सुर्वेंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बाईंनी खडू लावला. या वेळी त्या जवळजवळ धावतच टेबलाभोवती गेल्या, पांढऱ्या बुटांचा करकर आवाज करत, आणि त्याच ओघात वाकून मारला.

काळा आत गेला. खाली जाळी नव्हती. तो फरशीवर आदळला, गडगडत उघड्या दारातून बाहेर गेला आणि जिन्यावर पडला. एकेक पायरी उतरताना त्याचा टक, टक असा आवाज येत राहिला.

बाईंनी क्यू माझ्या हातात दिला आणि त्याच्यामागे धावल्या. मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली वळणावर साडीचा काठ आणि एक बूट दिसला, मग तेही दिसेनासं झालं. मी खिडकीशी गेले. थोड्या वेळाने बाई फाटकातून बाहेर पडल्या. त्या वर येतील असं मला वाटत होतं, पण त्या रिक्षांच्या मधून वाट काढत, मूठ मिटून, भराभर निघून गेल्या. हाक मारली असती तरी त्या थांबल्या नसत्या. आणि त्यांनी थांबू नये असंच मला वाटत होतं.

मागे मुकादम खोक्यातले बॉल बघत होता. "साहेब, काळा नाही यात."

"तो पडला," सुर्वे म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी पाहिला."